कोणतं नक्षत्र?

‘नक्षत्र’ हा शब्द मी बोलण्यात वापरणं सोडून दिलं आहे. नवी नवरी कितीही देखणी असो, मी ‘छान दिसते’ म्हणते आणि पुढे सरकते. पाऊस कधी येईल असं कुणी विचारलं, तर ‘येईल आठ-दहा दिवसांत’ एवढंच सांगते, मृग-आर्द्रा काढत नाही. याला कारण एकच माणूस, रामदास आबा.

पारोळ्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा आबा तिथे मराठी शिकवत होते. उंच, काटकुळे, मान जरा पुढे काढून चालणारे. आम्ही दोघंही धुळ्यात देवपूरला राहायचो, एकाच गल्लीत, त्यामुळे सकाळची एस.टी. एक आणि संध्याकाळचीही एकच. माझ्या नोकरीतली पंधरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून काढली आहेत. हे मी अभिमानानं सांगत नाही, सहनशक्तीचा दाखला म्हणून सांगते.

नोकरी लागून महिना झाला नसेल, आमच्या शाळेतल्या क्लार्कच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात मी नवरीच्या आईला म्हटलं, “पोरगी अगदी नक्षत्रासारखी दिसते हो!” बाई खूश झाली. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला,

“कोणत्या?”

मी वळून पाहिलं. आबा अगदी गंभीर चेहऱ्यानं उभे.

“कोणत्या नक्षत्रासारखी? सत्तावीस आहेत ना, म्हणून विचारलं. कृत्तिकेची आकृती वस्तऱ्यासारखी सांगितलीय. हस्ताची पंजासारखी. मूळ म्हणजे सिंहाचं शेपूट.” मग नवरीकडे बघून त्यांनी थोडा विचार केला. “रेवती म्हणता येईल. रेवती मृदंगासारखी.”

नवरी अंगानं जरा भरलेली होती. तिच्या आईनं त्या दिवसापासून बोलणं टाकलं, पण माझ्याशी. आबांशी नाही. आबांचं हे असंच असायचं. घोळ ते घालायचे आणि निस्तरायला शेजारी उभा असलेला माणूस लागायचा. त्यांच्यावर कुणी रागावतच नसे, कारण त्यांच्या मनात वाकडं काही नाही हे समोरच्याला लख्ख दिसायचं. राग मग जवळच्या माणसावर निघायचा. आणि जवळ बहुतेक वेळा मी असायचे.

बाकीच्या शब्दांबद्दल ते इतर मराठी शिक्षकांसारखेच होते. ‘नक्षत्र’ म्हटलं की मात्र पुढचं भान सुटायचं. बोलायला लागले की पुरुषांचं कोपर धरायचे, बायकांच्या पर्सचा पट्टा. पळून जायची सोय नाही.

“आकाशातला प्रत्येक ठिपका म्हणजे नक्षत्र नव्हे, मॅडम,” एस.टी.त माझा पट्टा धरून ते सांगायचे. “चंद्र दर रात्री जिथे मुक्कामाला थांबतो, ते नक्षत्र.”

“मला माहीत आहे, आबा. मी विज्ञानाची आहे.”

“माहीत आहे ना? मग शेतकरी त्यालाच पाऊस का म्हणतो? पोरीची आजी त्यालाच रूप का म्हणते? आणि आपले हेडमास्तर त्यालाच शिवी का म्हणतात?”

हेडमास्तरांचं खरंच होतं. प्रार्थनेला उशिरा येणारी पोरं दारात ओळीनं उभी राहिली की ते कमरेवर हात ठेवून म्हणायचे, “वा! काय एकेक नक्षत्रं जमा झालीत!” आणि त्याच तोंडानं स्नेहसंमेलनात पाहुण्यांना सांगायचे, “आमच्या शाळेनं तालुक्याला एकापेक्षा एक नक्षत्रं दिली.” एका वर्षी आबा भर संमेलनात उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “सर, दारातली की तालुक्यातली?” पाहुण्यांना काही कळलं नाही. पोरांना कळलं. टाळ्या थांबेनात. पुढे आठवडाभर हेडमास्तर माझ्याकडे रागानं बघत होते. का, तर मी आबांच्या शेजारच्या खुर्चीवर होते आणि मी त्यांना खाली ओढलं नाही!

पोरं तर पक्की हुशार. व्याकरणाचा तास सुरू झाला की एकजण हात वर करायचा. “सर, माझी आजी म्हणते मिरगाचं वाहन यंदा बेडूक आहे. म्हणजे काय?” संपला तास. पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना बेडूक, म्हैस, कोल्हा अशी वाहनं का दिलेली असतात, त्यावरून पाऊस किती येणार हे लोक कसं ठरवतात, हे सांगता सांगता घंटा व्हायची. समास राहून जायचा. परीक्षेत समासाचे मार्क गेले की पालक मला विचारायचे, “मॅडम, तुम्ही आबांना काही सांगत का नाही?”

मी! मी सांगायचं!

एकदा जुलैत आम्ही एस.टी.नं निघालो होतो. घटक चाचणी होती. आबांनी काढलेल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता, कारण त्यांच्या हातात डबा होता. पुढच्या सीटवर एक म्हातारी बसली होती, पिशवीत मेथीच्या जुड्या. ती शेजारणीला म्हणाली, “तरना कोरडा गया व माय. आते म्हातारा बरसी, तवय खरं.”

आबांचे कान टवकारले. “अक्का, तरणा कोण? म्हातारा कोण?”

म्हातारीनं त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. एवढंही ठाऊक नाही? आबांनी डोळे मिटले. नवा शब्द ऐकला की ते असे डोळे मिटायचे, गूळ खाल्ल्यासारखे. मग त्यांनी पुढचं विचारलं, मग त्याच्या पुढचं. फागण्याला म्हातारी उतरली आणि तिच्या मागून बोलत बोलत आबाही उतरले. मी खिडकीतून ओरडले, कंडक्टर ओरडला. आबांनी आम्हाला हात केला, ‘पुढे व्हा, आलोच’ असा. गाडी सुटली.

त्या दिवशी त्यांच्या वर्गाची चाचणी मी घेतली आणि माझ्या वर्गाची कुणीच घेतली नाही. मधल्या सुट्टीनंतर आबा आले ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून. अंगावर चिखल, हातात मेथीची जुडी. माझ्यासमोर टेबलावर जुडी ठेवून म्हणाले, “मॅडम, मृगातल्या तीन तेजस्वी चांदण्या असतात ना, त्यांना ती तिकांडं म्हणते. आणि सप्तर्षींना म्हातारीची बाज! तीन चोर ती बाज पळवून नेताहेत म्हणे.” हेडमास्तर मागे येऊन उभे होते, पण आबांचं लक्षच नव्हतं. मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी त्या मेथीची भाजी मात्र केली.

आता हे सगळं विनोदी वाटतं. माझ्या नणंदेच्या लग्नाच्या वेळी जे झालं, ते मात्र त्या वेळी विनोदी नव्हतं.

माझी नणंद मनीषा. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे तिला मीच वाढवलं म्हटलं तरी चालेल. बी.एस्सी. झालेली, स्वभावानं शांत. तिला जळगावचं स्थळ आलं. मुलगा योगेश बँकेत, त्याचे वडील तात्या भुसावळला रेल्वेत होते, निवृत्त होऊन जळगावात घर बांधलेलं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं. सुपारी फुटायची बाकी होती. आणि तात्यांची थोरली विधवा बहीण, जिजी, तिनं पत्रिका मागितली.

पत्रिकेत मनीषाचं जन्मनक्षत्र निघालं मूळ.

मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला खाते, असं म्हणतात. जिजीनं तेच म्हटलं. तात्या गप्प बसले आणि निरोप आला, ‘जरा थांबू.’ मुलीच्या बाजूला ‘जरा थांबू’चा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. मनीषानं जेवण सोडलं नाही की रडली नाही. फक्त कुणी हाक मारली की उत्तर द्यायला वेळ लावायला लागली. ते मला बघवेना.

माझ्या नवऱ्याला सुचलं, आबांना न्यावं. वडीलधारे, शिक्षक, शिवाय या विषयातलं त्यांच्याइतकं कुणाला माहीत? मी आबांना बसवून बजावलं.

“आबा, दोनच वाक्यं बोलायची. मूळबिळ काही नसतं. मुलगी गुणी आहे. संपलं.”

“दोन वाक्यं,” आबा म्हणाले. “बरोबर आहे.”

जळगावच्या त्या दिवाणखान्यात तात्या, योगेश, त्याची आई आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर जिजी. चहा आला. आबा दोन वाक्यं बोलले. मला हायसं वाटलं. मग जिजीनं विचारलं, “पण सर, पोथीत लिहिलेलं खोटं असतं का?”

बस. आबांनी कप खाली ठेवला.

“पोथीत काय लिहिलंय ते नीट बघू. नक्षत्राची चार चरणं. मुळाच्या पहिल्या चरणावर जन्म झाला तर वडिलांना वाईट, दुसऱ्यावर आईला, तिसऱ्यावर धनाला, चौथं चांगलं. सुनेच्या बाबतीत म्हणतात, मूळ सासऱ्याला वाईट, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला...”

मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि बोलत राहिले. योगेशची आई एकेका नातेवाइकाकडे बघायला लागली, जणू आत्ताच मोजून घ्यावं कोण कोण शिल्लक आहे.

तात्यांनी घसा खाकरला. “सर, तुमच्या माहितीत आहे का कुणी मूळ नक्षत्राची?”

“आहे ना. माझी बायको.”

“आणि तुमचे वडील?”

“लग्नाच्या वर्षीच गेले,” आबा म्हणाले.

ते खोटं बोलू शकले असते. निदान गप्प बसू शकले असते. पण नाही! वडिलांना आधीपासून दमा होता, बिडी सुटत नव्हती, हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं, पण तोवर ऐकायला कुणी राहिलं नव्हतं. जिजीनं पदर तोंडाला लावला होता. तात्या म्हणाले, “कळवतो.”

परतीच्या एस.टी.त मी आबांशी एक शब्द बोलले नाही. ते खिडकीबाहेर बघत होते. पारोळा मागे पडल्यावर म्हणाले, “त्यांनी विचारलं, मॅडम.” मी म्हटलं, “आबा, आज माझ्याशी बोलू नका. हात जोडते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कमलअक्का उभी. आबांची बायको. बुटकी, गोल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती शिकलेली नव्हती, अहिराणीच बोलायची आणि नवऱ्याच्या व्याख्यानांकडे, दुधावर साय येते तसं, येऊ द्यावं म्हणून बघायची. ती मला म्हणाली, “यासनी घान करी ठी ना तठे? आते मी जास. तू चाल मन्हासंगे.”

“अक्का, आता काही उपयोग नाही.”

“उपयोग मी देखसू. तू लुगडं नेस.”

आम्ही तिघं पुन्हा जळगावला गेलो. आबांना मी दारातच सांगितलं, तुम्ही चहाखेरीज तोंड उघडायचं नाही. अक्का दिवाणखान्यात शिरली ती थेट तात्यांच्या समोर खाली सतरंजीवर बसली. खुर्ची दिली, घेतली नाही.

“मी मूळनी शे,” ती म्हणाली. “देखा नीट. कोनले खाई ऱ्हायनू का?”

योगेशच्या आईला हसू आलं, तिनं ते दाबलं. जिजी मात्र हसली नाही. “सासरा गेला ना पण तुमचा?”

“गया,” अक्का म्हणाली. “दमा व्हता. शेवटलं पानी मीच पाजं त्यास्ले. मन्ही सासूनी मंग बारा वरीस माले श्राद्धना सैपाकले हात लावू दिना नही. गावनी बायका माले मूळनी म्हनेत, मन्ह नाव कोनी लेयेत नही.” मग तिनं मान वळवून आबांकडे बोट केलं. “आनि हाऊ मानूस! तवय एक सबद बोलना नही आईसमोर. आते बोलस, ते थांबस नही.”

आबा कपात बघत होते. पंधरा वर्षं मी त्या माणसाचं ऐकत होते, आणि ‘नक्षत्र’ हा शब्द त्यांनी कुठून उचलला हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, खोड आहे. खोड होतीच. पण ती कशातून लागली ते त्या सतरंजीवर कळलं.

मग योगेश, जो दोन्ही वेळा मुकाट बसला होता, तो म्हणाला, “तात्या, मला लग्न करायचं आहे.” तात्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा अक्काकडे. “मूळशांत करून घेऊ,” ते म्हणाले. “तेवढं माझ्या मनासाठी.”

आबांनी तोंड उघडलं. अक्कानं नुसतं त्यांच्याकडे बघितलं. तोंड मिटलं.

शांतीच्या दिवशी मात्र अक्का स्वयंपाकघरात अडकली होती. आबांनी गुरुजींशी कोणकोणत्या झाडांची मुळं आणायची यावरून असा वाद घातला, की होम दीड तास उशिरा पेटला. पण लग्न झालं.

दोन वर्षं सुखाची गेली. आबा तोवर निवृत्त झाले होते. एस.टी.त माझ्या शेजारची जागा रिकामी असायची आणि मला चक्क पुस्तक वाचता यायचं. आणि मग एका सकाळी मनीषाचा फोन आला. तात्यांना हार्ट अटॅक आला होता.

मी जळगावला दवाखान्यात पोहोचले तेव्हा आय.सी.यू.बाहेरच्या बाकांवर निम्मं नातं गोळा झालं होतं. मध्यभागी जिजी. मनीषा बाकावर नव्हती, समोरच्या भिंतीला टेकून उभी होती, हातात डबा. तिच्या आजूबाजूची जागा मोकळी होती. कुणी तिला तिथे उभं केलं नव्हतं, कुणी बसही म्हटलं नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा एक बाई कुजबुजली, “तेव्हाच सांगितलं होतं. मूळ ते मूळच.” कुजबुज अशी, की भिंतीपर्यंत ऐकू जावी.

मी काय बोलणार? मी त्या मुलीची भावजय, त्यांच्या दृष्टीनं एकाच पार्टीची. मी नवऱ्याला फोन केला. त्यानं आबांना सांगितलं असणार, कारण दुपारी आबा जिन्यानं वर आले. पाण्याची बाटली, शेंगदाण्याची पुडी. मला मनातून वाटलं, देवा, आता हेच बाकी होतं!

ते सरळ त्या कुजबुजणाऱ्या बाईशेजारी बसले. “मूळ म्हणालात ना? कोणतं चरण?”

“काय?”

“चार असतात. कोणतं? कारण चौथं असेल तर उलट फळ सांगितलंय. आणि हे तुम्ही कुठल्या पोथीत वाचलं? वाचलं नाही? मग कुणाकडून ऐकलं? त्यांनी कुणाकडून ऐकलं?”

बाईनं सुटायचा प्रयत्न केला, पण पर्सचा पट्टा आबांच्या हातात होता. थोड्या वेळानं ती चहाला म्हणून उठली आणि परत आली नाही. मग एक काका. त्यांचं कोपर धरून आबांनी त्यांना त्यांचं स्वतःचं जन्मनक्षत्र विचारलं, त्यांच्या बायकोचं, दोघांच्या लग्नानंतर घरात काय काय झालं त्याचं. काकाही गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा बाजूला उभी राहून, दुसऱ्याला होणारा तो त्रास डोळे भरून बघत होते. आबा दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्याही. धुळ्याहून सकाळच्या गाडीनं यायचे, संध्याकाळी परत. ‘मूळ’ हा शब्द त्या मजल्यावर उच्चारायची सोय राहिली नाही. उच्चारला की आबा सरकून शेजारी यायचे.

शेवटी राहिली जिजी. ती उठून जाणाऱ्यांतली नव्हती. आबा तिच्या शेजारी बसले.

“जिजी, तुमचं नक्षत्र कोणतं?”

“आमचं कोण लिहून ठेवतंय? शेतात जन्मले मी.”

“बरं. तुम्ही लग्न होऊन सासरी गेलात. त्यानंतर त्या घरातलं पहिलं कोण गेलं?”

मला वाटलं, हा माणूस आता मार खाणार. जिजीनं समोरच्या दाराकडे पाहिलं.

“सासू,” ती म्हणाली. “वर्षाच्या आत.”

“कुणी काही म्हणालं तुम्हाला?”

जिजी सत्तरीची बाई, भावाच्या घरात जिच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. तिनं पदरानं तोंड पुसलं. “पांढऱ्या पायाची म्हणाले,” ती म्हणाली. “मरेपर्यंत म्हणत होते. नवरासुद्धा.”

मी आबांना ओळखत असल्यापासूनचा हा पहिलाच प्रश्न, ज्याच्या उत्तरानंतर त्यांनी दुसरा विचारला नाही.

थोड्या वेळानं जिजी भिंतीकडे बघून म्हणाली, “मनीषा, किती वेळ उभी आहेस? पाय दुखतील. ये इकडे.” आणि बाकावर जरा सरकली.

तात्या बरे झाले. वॉर्डात हलवल्यावर मी भेटायला गेले तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, “ताई, सगळ्यांनी खूप केलं. पण ते तुमचे सर... ते रोज येतात. काल दोन तास मला आर्द्रेबद्दल सांगत होते. त्यांना काही काम नाही का हो धुळ्याला?” मी म्हटलं, “नाही, तात्या. आणि मी पंधरा वर्षं ऐकलंय.” तात्यांनी डोळे मिटून माझा हात थोपटला.

गेल्या हिवाळ्यात कमलअक्का गेली. सकाळी चहा करताना बसली ती बसलीच. गल्लीतले सगळे धावले. जळगावहून मनीषा-योगेश आले, जिजीही आली. गुरुजींनी पंचांग उघडलं आणि मिटलं. मग चाचरत म्हणाले, “आबा, पंचक आहे. शततारका नक्षत्र.”

धनिष्ठेपासून रेवतीपर्यंतच्या पाच नक्षत्रांत माणूस गेलं तर ते आणखी पाच जणांना घेऊन जातं, अशी समजूत. म्हणून पिठाचे पाच पुतळे करून सोबत ठेवतात. अंगणात सगळे आबांकडे बघत होते. आता वाद होणार, आता प्रश्न येणार. मला तर तो यावा असंच वाटत होतं. या माणसाला गप्प बसलेलं मला बघायचं नव्हतं.

आबा भिंतीशी बसले होते. म्हणाले, “करा. तिले मानसं लागतस. एकटी कशी जाई?”

मी आत जाऊन कणीक भिजवून आणली. गुरुजी पुढे झाले, तर आबांनी परात स्वतःकडे ओढली. लांब बोटांनी ते पुतळे करायला लागले. चार झटपट झाले, नुसते डोकं आणि धड. पाचव्याला फार वेळ लागला. त्याला त्यांनी पाय केले, लांब मान केली. बाहेर माणसं खोळंबली होती. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे नेहमीप्रमाणे मीच सांगायचं.

“आबा,” मी म्हटलं, “उशीर होतोय. कशाला इतकं?”

त्यांनी मान वर केली नाही. कण्हेरीची काडी घेऊन ते त्या पुतळ्याला तोंड कोरत होते, चांगलं मोठं, उघडं.

“याले बोलता येवाले पाहिजे, मॅडम,” ते म्हणाले. “वाट लांब शे.”